छावणीबाहेरचे सैनिक

जून १९०३ मधल्या एका रात्री सर्बियाच्या काही लष्करी अधिकाऱ्यांनी बेलग्रेडच्या राजवाड्यात शिरून राजा अलेक्झांडर आणि राणी ड्रागा या दोघांना ठार मारले. राजाची गादी दुसऱ्या घराण्याकडे गेली. द्रागुतिन दिमित्रिएविच नावाचा एक तरुण अधिकारी या कटात होता. त्याचे साथीदार त्याला ‘आपिस’ म्हणत. पुढे १९११ साली ‘ऐक्य किंवा मरण’ या नावाचे एक गुप्त मंडळ निघाले. जग त्याला ‘ब्लॅक हँड’ म्हणून ओळखते आणि आपिस हा त्याचा खरा सूत्रधार होता. मंडळात येणाऱ्याला अंधाऱ्या खोलीत नेत, समोरच्या टेबलावर क्रूस, खंजीर आणि पिस्तूल मांडलेले असे, आणि त्यांच्या साक्षीने त्याला शपथ घ्यावी लागे. हाच आपिस सर्बियाच्या लष्करी गुप्तचर खात्याचा प्रमुख झाला. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होमध्ये आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंडवर गोळ्या झाडणाऱ्या तरुणांच्या हाती शस्त्रे आली ती त्याच्याच वर्तुळातून. त्यानंतर पहिले महायुद्ध पेटले.

लष्करी अधिकाऱ्यांच्या गुप्त संघटनांचा इतिहास लिहायचा तर अशी आणखी उदाहरणे हाताशी आहेत. डिसेंबर १८२५ मध्ये रशियाच्या झारविरुद्ध उठलेले ‘डिसेंबरवादी’ मुख्यतः सरदार घराण्यांतले अधिकारी होते. १९०८ साली तुर्कस्तानच्या सुलतानाला राज्यघटना पुन्हा लागू करायला लावणाऱ्या तरुण तुर्कांचे बळ सलोनिकाच्या आसपासच्या सैन्यात होते. २३ जुलै १९५२ रोजी इजिप्तमध्ये ‘स्वतंत्र अधिकारी’ या मंडळाने राजा फारूकची सत्ता उलथवली. या सगळ्यांचा क्रम एकच दिसतो. माणूस आधी अधिकारी झाला, त्याच्या हाती पलटण आली आणि मग त्याने गुप्त मंडळ काढले. शस्त्रागाराची किल्ली त्याच्या खिशातच होती, प्रश्न फक्त ती कधी फिरवायची एवढाच होता.

महाराष्ट्रात हा क्रम उलटा लागला. इथली गुप्त मंडळे काढली ती ज्यांना अधिकारी होण्याची वाट बंद होती त्यांनी. त्यांच्याजवळ ना पलटण होती, ना बंदूक, ना बंदुकीचा परवाना. लष्करी सत्ता उलथून टाकायची त्यांची इच्छा होतीच, पण आपण सैनिक व्हावे ही ओढही तितकीच जबर होती. या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाने हा फरक आधी लक्षात घ्यावा. तो निसटला, तर चिंचवडच्या चापेकर बंधूंपासून खेडच्या राजगुरूंपर्यंतची सगळी साखळी नुसत्या शौर्यकथांची माळ होऊन बसते. तिच्यामागचे राजकारण दिसत नाही.

ही साखळी नकाशावर मांडली तर थक्क व्हायला होते. चापेकरांचे चिंचवड आज पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मध्यभागी आहे. चाकणची औद्योगिक वसाहत ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या गावी शिवराम हरी राजगुरू जन्मले. चाकणच्या पश्चिमेला तळेगाव दाभाडे आहे. तिथल्या समर्थ विद्यालयात शिकलेले विष्णू गणेश पिंगळे लाहोरला फासावर गेले. चाकणहून पूर्वेला शिरूरच्या वाटेला लागले की धामारी हे गाव येते. वासुदेव बळवंत फडक्यांनी आपला पहिला दरोडा तिथेच घातला. आज या पट्ट्यात गाड्यांचे कारखाने आहेत आणि रोज पाळी बदलली की हजारो कामगार या रस्त्यांवरून जातात. दीडशे वर्षांपूर्वी याच रस्त्यांवर माणसे ‘सैन्य कसे उभे करावे’ या एकाच विचाराने झपाटलेली होती.

सुरुवात फडक्यांपासून करावी लागते. शिरढोणचे वासुदेव बळवंत पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. म्हणजे ब्रिटिश लष्कराचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे ते रोज कागदावर पाहत होते. पण त्या लष्करातल्या बंदुकीपर्यंत त्यांचा हात पोहोचणार नव्हता. आई आजारी असताना रजा मिळाली नाही, हा घाव त्यांच्या मनात राहिला. त्यात १८७६-७७ चा दुष्काळ त्यांनी गावोगाव फिरून पाहिला. पुण्यातल्या सुशिक्षितांनी हात आखडता घेतला तेव्हा ते रामोश्यांकडे वळले. दौलतराव नाईक त्यांचे सेनानी झाले. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीला पहिला दरोडा पडला. सावकारांच्या पैशातून सैन्य उभारायचे, हा त्यांचा हिशेब होता. मे महिन्यात दौलतराव मारले गेले, जुलैमध्ये देवर नावदगी येथे मेजर डॅनियलने फडक्यांना पकडले. जन्मठेपेवर त्यांना एडनला नेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला.

फडक्यांचे बंड विझले त्याच काळात दोन दारे लागोपाठ बंद झाली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदुस्थानी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगण्याची बंदी केली. दुसरीकडे सैन्यभरतीत ‘लढाऊ जाती’ची कल्पना रुजत गेली. कोण शूर आणि कोण नाही, हे सरकार जातीवरून ठरवू लागले. हिंदुस्थानी शिपाई फार तर सुभेदार-मेजरपर्यंत चढत असे, त्याच्या वरची जागा गोऱ्यांसाठी राखीव होती. सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी उमेदवारांसाठी वर्षाला दहा जागा निघाल्या त्या पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये. डेहराडूनला लष्करी अकादमी सुरू झाली १९३२ साली. म्हणजे चापेकर, पिंगळे यांच्या पिढीतला एकही तरुण, त्याच्या अंगी कितीही गुण असले तरी, स्वतःच्या देशाच्या सैन्यात अधिकारी होऊ शकत नव्हता.

या नकाराची झळ एकाच जातीला लागली नाही, हे इथे ठासून सांगायला हवे. महार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मुंबई इलाख्याच्या सैन्यात चाकरी केली होती. १८९० च्या दशकात त्यांची भरती बंद झाली. ज्या घरांत सुभेदार आणि हवालदार होते, ज्या घरांत पगार, पेन्शन आणि पलटणीच्या शाळेतून आलेली अक्षरओळख होती, त्या घरांवर एका हुकमाने कुऱ्हाड पडली. रावढूळचे गोपाळ बाबा वलंगकर हे स्वतः लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ मध्ये या अन्यायाविरुद्ध सविस्तर अर्ज तयार केला आणि महारांच्या लष्करी सेवेचा दाखला देऊन भरती पुन्हा सुरू करण्याची मागणी मांडली. ज्या वर्षांत वलंगकर दापोलीकडे अर्जाची भाषा घासूनपुसून घेत होते, त्याच वर्षांत पुण्यात दामोदर चापेकर पोरांना कवायत शिकवत होते. दार एकच बंद झाले होते. एकाने उघडपणे कागद लिहिला, दुसऱ्याने गुप्तपणे मंडळ काढले. मराठी इतिहासलेखनाने या दोघांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले. ते शेजारी ठेवून वाचण्याची वेळ केव्हाच येऊन गेली आहे.

चापेकरांचे घराणे एकेकाळी खाऊनपिऊन सुखी होते, पुढे विपन्नावस्थेत आले. वडील हरिभाऊ कीर्तनकार होते. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे मुलगे कीर्तनात वडिलांना साथ करायचे. मोरया गोसावींच्या चिंचवडात, पवनेच्या काठी, देवधर्माच्या वातावरणात ते वाढले. थोरल्या दामोदरचा जन्म १८६९ चा. सैन्यात शिरण्यासाठी त्याने खटपट केली, पण भरतीचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. तेव्हा त्याने स्वतःचीच पलटण काढायचे ठरवले. पुण्यात पोरे जमवून व्यायाम, धावणे आणि लष्करी धर्तीची कवायत सुरू झाली. १८९५ च्या सुमारास या मंडळाला आकार आला आणि धर्मावरील संकटांचे निवारण हा त्याचा उद्देश त्याच्या नावातच घातला होता. पुढे १९१८ साली रौलट समितीने हिंदुस्थानातल्या क्रांतिकारक चळवळीचा अहवाल लिहिला. त्याची सुरुवातच तिने पश्चिम भारतातून केली आणि चापेकरांच्या या मंडळाची शारीरिक व लष्करी शिक्षणाचे मंडळ म्हणून नोंद घेतली.

दामोदरने तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. ते वाचताना वाचकाला अस्वस्थ व्हायला होते, आणि तसे व्हायलाच हवे. त्यात देशाच्या गुलामीची जळजळ आहे, मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासून गळ्यात जोड्यांची माळ घातल्याची कबुली आहे, पण समाजसुधारकांविषयीचा कडवा द्वेषही तितकाच आहे. सुधारकांवर हात उगारण्यात या मंडळाला काही गैर वाटत नव्हते. लोकमान्य टिळकांवरही त्यात टीका आहे. धर्माभिमान आणि स्वातंत्र्याची आस एकमेकांत इतकी मिसळलेली, की दोन्ही सुटी करून बाजूला ठेवता येत नाहीत. चापेकरांचा गौरव करायचा तर तो हे सगळे वाचून करावा. निवडक पाने फाडून केलेल्या गौरवाने त्यांची उंची वाढत नाही, वाचकाची समज तेवढी खुजी होते.

मग प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत त्याचे निदान झाले आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला पुणे त्याच्या तावडीत सापडले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. साताऱ्याकडे असलेला सनदी अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड पुण्याच्या विशेष प्लेग समितीचा अध्यक्ष म्हणून आला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात घरझडतीला सुरुवात झाली आणि त्या कामाला लष्कर लावले गेले. ज्या गोऱ्या सोजिराला पुणेकर आजवर कॅम्पात किंवा खडकीच्या रस्त्यावर लांबून पाहत होते, तो आता माजघरात, देवघरात, चुलीपर्यंत आला. आजाऱ्याला उचलून इस्पितळात, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत, सामानसुमान जाळायला. बायकांची तपासणी भर रस्त्यात. सरकारी अहवालांत शिस्तीचा आणि काळजीचा दावा आहे, तर तेव्हाच्या वृत्तपत्रांत अत्याचारांच्या तक्रारी आहेत. दोन्हींमधले अंतर इतिहासकार अजून मोजतात. पण परक्या सैनिकाने उंबरठा ओलांडला, हा अनुभव घरोघरचा होता. त्याबद्दल वाद नाही.

त्याच दिवसांत पुण्याने प्लेगशी झुंजण्याची दुसरी रीतही पाहिली. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला रुग्णांची सेवा चालवली होती. यशवंतराव लष्करात डॉक्टर होते. रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाईंनाच प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रँडच्या झडत्या सुरू झाल्या त्या त्यानंतर दोन-तीन दिवसांतच. एकाच शहरात, एकाच आठवड्यात ही दोन दृश्ये घडत होती.

२२ जून १८९७. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा सोहळा. गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर, म्हणजे आज जिथे पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तिथे, मेजवानी होती आणि आसपास रोषणाई व दारूकाम. टेकड्यांवर होळ्या पेटल्या होत्या, रस्त्याला बघ्यांची गर्दी. गर्दीत मिसळून दामोदर आणि बाळकृष्ण हे दोघे भाऊ आधी आत जाणाऱ्या गाड्या न्याहाळत राहिले आणि मेजवानी उरकेपर्यंत थांबले. मध्यरात्रीच्या सुमारास पाहुण्यांच्या गाड्या परत फिरू लागल्या. रँडची गाडी ओळखल्यावर ‘गोंद्या आला रे’ ही ठरलेली खूण झाली. दामोदर गाडीमागे धावला. रस्त्याकडेच्या पिवळ्या बंगल्याजवळ त्याने गाडीच्या मागचा पडदा वर केला आणि अगदी जवळून गोळी झाडली. मागून येणाऱ्या गाडीत लेफ्टनंट आयर्स्ट पत्नीसह बसला होता, त्याच्यावर बाळकृष्णने गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला. रँडने ३ जुलैला ससूनमध्ये प्राण सोडला. ज्यांना सैन्यात शिपाई म्हणूनही जागा नव्हती, त्यांनी त्या रात्री एक बडा सनदी अधिकारी आणि एक लष्करी अधिकारी असे दोघे टिपले होते.

याचा राजकारणावर परिणाम काय झाला, हा प्रश्न गोळ्यांच्या आवाजाइतकाच महत्त्वाचा आहे. पाच आठवड्यांच्या आत, २७ जुलैला, टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली आणि १४ सप्टेंबरला त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी ठोठावली गेली. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी राजद्रोहाचा अर्थ इतका सैल लावला की सरकारविषयी प्रेम नसणे हाच जणू गुन्हा ठरला. १८९८ मध्ये राजद्रोहाचे कलम १२४-अ अधिक कडक झाले आणि समाजगटांत वैर पसरवण्याविषयीचे कलम १५३-अ नव्याने आले. पुण्यातल्या सरदार नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याविना डांबले. पुण्यावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च नागरिकांच्या माथी मारला. मूठभर तरुणांच्या मंडळाने दोन माणसे मारली, आणि सरकारने त्याचा वापर संपूर्ण वृत्तपत्रसृष्टीचे तोंड बांधण्यासाठी केला. त्याच खटल्याने टिळकांना देशभराचे पुढारीही बनवले. गुप्त कृतीचे उघड राजकारणावर असे दुहेरी परिणाम होतात आणि ते करणाऱ्यांच्या हाती राहत नाहीत.

मंडळ फुटले ते आतून. सरकारने २०,००० रुपयांचे बक्षीस लावले होते. गणेश आणि रामचंद्र द्रविड या भावांनी माहिती पुरवली. दामोदर पकडला गेला आणि ८ ऑक्टोबर १८९७ रोजी त्याने जबाब दिला. १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात त्याला फाशी झाली. टिळक तेव्हा त्याच तुरुंगात होते आणि त्यांनी दिलेली गीतेची प्रत अखेरच्या क्षणी दामोदरच्या हातात होती. निजामाच्या मुलखात लपलेला बाळकृष्णही सापडला. फेब्रुवारी १८९९ मध्ये धाकटा वासुदेव आणि त्याचा मित्र महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना ‘ब्रुइन साहेबांनी बोलावलंय’ असा पोलीस अधिकाऱ्याच्या नावाने खोटा निरोप देऊन घराबाहेर काढले आणि गोळ्या घातल्या. ८ मे रोजी वासुदेव, १० मे रोजी रानडे आणि १२ मे रोजी बाळकृष्ण फासावर गेले. त्यांचा साथीदार खंडो साठे कोवळ्या वयाचा, म्हणून त्याला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. तेरा महिन्यांत एका आईचे तिन्ही मुलगे गेले. वासुदेव तर जेमतेम एकोणीस वर्षांचा होता.

फाशीच्या बातम्यांनी भगूरच्या एका शाळकरी मुलाला हलवून सोडले. विनायक दामोदर सावरकरांनी घरच्या देवीपुढे शपथ घेतली, नाशकात मित्रमेळा निघाला आणि १९०४ मध्ये त्याचा ‘अभिनव भारत’ झाला. नाव घेतले होते इटलीच्या मॅझिनीच्या ‘तरुण इटली’वरून. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली. पण या पिढीचे लक्ष एकट्यादुकट्या अधिकाऱ्यावरून हळूहळू पलटणींकडे वळू लागले होते. १८५७ च्या उठावावर सावरकरांनी ग्रंथ लिहिला, त्यामागचा उद्देशही तोच होता. सैन्य फिरले तरच राज्य फिरते, हा धडा त्यांनी सत्तावन्नातून घेतला.

वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे या धड्याच्या शोधात थेट कॅलिफोर्नियाला गेले आणि तिथल्या एका लष्करी अकादमीत दाखल झाले. मायदेशात जे शिक्षण कायद्याने आणि भरतीच्या नियमांनी नाकारले, ते सातासमुद्रापार घ्यावे लागले. अमेरिकेतल्या हिंदी लोकांनी स्वातंत्र्यासाठी उभारलेल्या गदर चळवळीत त्यांचा मोठा वाटा होता. पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी नाव कमावले.

आणि पिंगळे. तळेगाव ढमढेऱ्याचा हा तरुण अभियांत्रिकी शिकायला अमेरिकेत गेला, गदरमध्ये सामील झाला आणि १९१४ च्या अखेरीस परतला. रासबिहारी बोस यांच्याबरोबर त्याने उत्तर हिंदुस्थानातल्या छावण्यांत उठावाची तयारी चालवली. तारीख ठरली होती २१ फेब्रुवारी १९१५. फितुरीचा संशय येताच ती अलीकडे ओढली, तरी बेत फसला. बाकीचे पांगले, पिंगळे मात्र पुन्हा छावणीतच गेले. मार्चमध्ये मेरठला बाराव्या घोडदळाच्या लाइनीत ते बॉम्बसह पकडले गेले. ते बॉम्ब अर्धी पलटण उडवायला पुरेसे असल्याचे सरकारी अहवालात नमूद आहे. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी कर्तारसिंग सराभा आणि इतर साथीदारांबरोबर लाहोरला त्यांना फाशी झाली. चापेकरांना छावणीत घेतले गेले नव्हते, पिंगळे छावणीच्या आत शिरून सैनिकांशी बोलत होते. अठरा वर्षांत गुप्त मंडळाने एवढे अंतर कापले होते.

राजगुरूंच्या संघटनेच्या नावातच सैन्य होते. हिंदुस्थान समाजवादी प्रजासत्ताक सेना. चंद्रशेखर आझाद तिचे सरसेनापती. सैन्याची रचना, हुद्दे, हुकूम पाळण्याची शिस्त हे सगळे तिने घेतले. पण ‘समाजवादी’ हा शब्द जोडून तिने चापेकरांच्या धर्मरक्षक मंडळापासून वैचारिकदृष्ट्या फार लांबचा पल्ला गाठला होता. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला पोलीस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी राजगुरूंनी झाडली. २३ मार्च १९३१ ला भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासह ते फासावर गेले. खेडचे राजगुरुनगर झाले ते त्यांच्याच स्मरणार्थ.

शेवटची कडी मुंबईत सापडते, आणि तिथे मात्र मंडळ खुद्द सैन्यात होते. कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल प्रशिक्षण तळावर बी. सी. दत्त आणि त्यांच्या साथीदारांनी ‘आझाद हिंदी’ नावाने गुपचूप काम सुरू केले. १ डिसेंबर १९४५ ला नौदल दिनी तळाच्या भिंतींवर इंग्रजांना चालते व्हायला सांगणाऱ्या घोषणा झळकल्या. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी अन्नाच्या आणि अपमानाच्या तक्रारीवरून संप पेटला, तो जहाजाजहाजांवर पसरला आणि २३ तारखेला सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर मिटला. हे अधिकारी नव्हते, साधे नौसैनिक होते. त्यांनी सत्ता हाती घ्यायचा प्रयत्न केला नाही. काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट पक्षांचे झेंडे एकत्र उभारून त्यांनी पुढाऱ्यांनाच नेतृत्वाचे आवाहन केले. मुंबईचे कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात बळी पडले. पुढाऱ्यांनी मात्र त्यांची मागणी पुढे रेटली नाही, आणि स्वतंत्र भारताच्या नौदलातही त्यांतल्या बडतर्फ झालेल्यांना परत घेतले गेले नाही. ही सल मराठी वाचकाने ओळखून घ्यावी अशी आहे.

हा सगळा वारसा असूनही स्वतंत्र भारतात लष्करी अधिकाऱ्यांचे गुप्त मंडळ सत्तेवर आले नाही. इजिप्तमध्ये आले, शेजारच्या पाकिस्तानात सेनापतीने सत्ता घेतली, ब्रह्मदेशात घेतली. भारतात तसे का झाले नाही, याची कारणे अनेक. भारतीय अधिकाऱ्यांचा वर्ग उशिरा आणि हळूहळू तयार झाला. काँग्रेसची मुळे खेड्यापाड्यांत पोहोचली होती, त्यामुळे सत्तेची पोकळी राहिली नाही. तिन्ही दलांना वेगवेगळे प्रमुख दिले गेले आणि १९५५ मध्ये ‘कमांडर-इन-चीफ’ हे पद रद्द करून राष्ट्रपती व मंत्रिमंडळाचे वर्चस्व पक्के केले गेले. आणखी एक कारण या परिसरातच नजरेला पडते. जे दार चापेकरांना बंद होते ते आता उघडले. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी खडकवासल्याला आली, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय १९४८ मध्ये दापोडीला आले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, म्हणजे वलंगकरांच्या अर्जाला जवळपास अर्ध्या शतकाने उत्तर मिळाले. ज्याला सैनिक व्हायचे आहे त्याने परीक्षा द्यावी, मैदानात धावावे, भरतीच्या रांगेत उभे राहावे. गुप्त शपथ घेण्याची गरज उरली नाही.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने दोन आंधळेपणा टाळावेत. पहिला म्हणजे हत्येला केवळ हौतात्म्य मानून तिच्या परिणामांकडे पाठ फिरवणे. फडके, चापेकर, नाशिक, गदर या प्रत्येक वेळी मंडळ लहान होते, विश्वास नातेवाइकांवर आणि जिवलग मित्रांवर होता, आणि तो तुटला तोही तिथेच. गुप्ततेमुळे मंडळाला जनतेपर्यंत पोहोचता आले नाही, आणि जनतेपर्यंत न पोहोचल्यामुळे पहिल्या फितुरीलाच ते कोसळले. दुसरा आंधळेपणा त्याहून सोयीचा. आजच्या सुरक्षित घरात बसून या तरुणांना माथेफिरू ठरवायचे. शस्त्र कायदा, भरतीचे जातिवाचक नियम, घरझडत्या आणि खटल्याविना कैद, हे सारे बाजूला सारून त्यांच्याविषयी न्यायनिवाडा करता येत नाही.

पिंपरी-चिंचवडच्या आणि चाकणच्या शिक्षकांना, ग्रंथालयांना आणि वाचकांना यासाठी एक आवर्जून विनंती करायची आहे. चिंचवडगावात चापेकरांचा वाडा स्मारक म्हणून जपला आहे, राजगुरुनगरला राजगुरूंचा वाडा आहे. मुलांना तिथे न्यावे, पण नुसते फोटो काढून परतू नये. दामोदर चापेकरांचे आत्मवृत्त, गोपाळ बाबा वलंगकरांचा अर्ज, रौलट समितीच्या अहवालातले पश्चिम भारताचे प्रकरण आणि तलवारच्या नौसैनिकांच्या आठवणी शाळेच्या वरच्या वर्गांत शेजारी ठेवून वाचाव्यात. त्यांवर मुलांनी वाद घालावेत, मतभेद नोंदवावेत आणि आपापल्या गावातली विस्मरणात गेलेली नावे शोधून या यादीत भर घालावी.